जळगावहून ‘आउटलँडर’च्या स्कॉटलंडला: चित्रीकरणस्थळांची गाइडसह सहल कशी ठरवावी

‘आउटलँडर’ ही मालिका ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातून नुकतीच मोकळी झालेली क्लेअर नावाची परिचारिका १९४५ साली स्कॉटलंडमधील एका शिळावर्तुळात जाते आणि थेट १७४३ साली बाहेर पडते, एवढी एक कल्पना सोडली तर कथानकाचा पाया १७४५-४६ च्या जॅकोबाइट उठावाच्या, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या बंडाच्या, खऱ्या इतिहासाचा आहे. आमच्या घरी ही मालिका सूनबाईंनी लावून दिली. जळगावच्या उन्हाळ्यात दारे-खिडक्या बंद करून, कूलरच्या घरघरीत, आम्ही दोघांनी आणि अमळनेरहून मुक्कामाला आलेल्या व्याही-विहीणबाईंनी ती पाहिली आणि त्यातूनच पुढे आम्हा चौघांची स्कॉटलंडची सहल ठरली. परत आल्यापासून ओळखीचे लोक कसे गेलात, काय पाहिले, गाइड घेतला का, हे विचारत असतात. त्यांच्यासाठी सगळे क्रमाने लिहून काढले आहे.

आधी यादी, मग तिकीट

विमानाच्या तिकिटाआधी वहीत एक तक्ता आखावा आणि त्यात तीन रकाने करावेत: मालिकेत ही जागा काय म्हणून दाखवली, इतिहासात तिथे काय घडले, आणि आज तिथे पाहायला काय उरले आहे. हे शाळकरी काम वाटेल, परंतु सहलीचा सगळा आनंद या तीन रकान्यांत आहे आणि गाइडची पारखही त्यांवरूनच होते.

लिनलिथगो राजवाड्याचे उदाहरण घ्या. मालिकेत तो वेंटवर्थचा तुरुंग आहे. कथेचा नायक जेमी याचे हाल ज्या अंधाऱ्या बोळांत झालेले दिसतात ते बोळ इथले. इतिहासात मात्र तो स्टुअर्ट राजघराण्याचा आवडता राजवाडा होता आणि ८ डिसेंबर १५४२ रोजी स्कॉटलंडची राणी मेरी हिचा जन्म तिथे झाला. आज त्याला छप्पर नाही. चार मजली भिंती उभ्या आहेत, मधल्या चौकात राजा पाचव्या जेम्सने १५३८ साली बांधलेले कोरीव कारंजे आहे आणि वर मोकळे आभाळ आहे. आता खरी गंमत अशी की हे छप्पर गेले ते १७४६ च्या सुरुवातीला, सरकारी सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंडच्या सैन्याचा तिथे तळ पडलेला असताना लागलेल्या आगीत; म्हणजे मालिका ज्या युद्धाची गोष्ट सांगते त्याच युद्धात. मालिकेतला तुरुंग १७४३ सालचा आहे, तेव्हा राजवाडा धडधाकट होता. हा धागा ज्या गाइडने स्वतःहून उलगडून दाखवला तो चांगला, आणि ‘इथे अमुक भागाचे चित्रीकरण झाले, फोटो काढून घ्या’ एवढेच सांगून जो घड्याळ पाहू लागला त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी जाऊ नये, असा आमचा नियम ठरून गेला.

याच पद्धतीने डून, ब्लॅकनेस, मिडहोप, कलरॉस, फॉकलंड आणि कलोडन या जागांची टिपणे काढावीत. स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ तिकडे नेहमीच बसतो असे नाही. ‘कलरॉस’ असे आपण अक्षरांवरून वाचतो, पण तिथले लोक त्याला ‘कूरॉस’ म्हणतात, आणि बसथांब्यावर आपला उच्चार कोणालाच कळला नाही की निष्कारण घाबरायला होते. पुढे मीही कूरॉसच लिहितो.

व्हिसाची कागदपत्रे

पर्यटनासाठी ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो; त्यावर एका खेपेस सहा महिन्यांपर्यंत राहता येते. युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी ठरलेल्या वेळी केंद्रावर जायचे. आपल्याला मुंबई किंवा पुणे सोयीचे पडते. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही आणि निकालाला साधारण तीन आठवडे धरावे लागतात. म्हणून जूनमध्ये जायचे असेल तर मार्चअखेर कागदपत्रे तयार ठेवून एप्रिलमध्ये अर्ज टाकावा.

खान्देशातल्या बहुतेक घरांची खरी अडचण उत्पन्न दाखवण्याची असते. नोकरदाराकडे पगाराच्या पावत्या आणि विवरणपत्र असते. पण केळी आणि कपाशीवर चालणाऱ्या घरात पैसा हंगामात एकदम येतो, आणि बँकेच्या खात्यात अर्जाच्या तोंडावर आलेली मोठी रक्कम पाहिली की तपासणाऱ्याला ती उसनी आणून भरली आहे असे वाटू शकते. व्याह्यांची शेती असल्याने आम्ही त्यांच्यासाठी सातबारा उतारे, केळीच्या विक्रीच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांच्या तारखांना खात्यात जमा झालेल्या रकमा एकाखाली एक लावल्या आणि सोबत एका पानाचे पत्र जोडले. मराठीतील प्रत्येक कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतर करणाऱ्याकडे गर्दी असते, तेव्हा ते काम आधी उरकावे.

मुंबईहून लंडनमार्गे किंवा आखाती शहरात विमान बदलून एडिंबराला पोहोचता येते. लंडन पाहायचे असेल तर तिथून एडिंबरापर्यंत रेल्वेने साधारण साडेचार तास लागतात, आणि ही तिकिटे जितकी आधी काढावीत तितकी स्वस्त पडतात.

कुठे गाइड घ्यावा आणि कुठे घेऊ नये

सगळी सहल गाइडच्या हवाली करणे जितके महागात पडते, तितकेच सगळे आपले आपण करायला जाणे वेळखाऊ ठरते. आमचा अनुभव असा की जागेला रेल्वे किंवा शहरबस जात असेल तर स्वतः जावे, आणि जागा शेतांत-रानांत विखुरलेल्या असतील तर लहान बसची गाइडसह सहल घ्यावी.

एडिंबरा शहरासाठी गाइडची गरज नाही. कॅननगेट या जुन्या रस्त्यावरून आत वळणारा बेकहाउस क्लोज हा दगडी बोळ म्हणजे मालिकेतील जेमीच्या छापखान्याचा परिसर. तिथे पाच मिनिटे पुरतात. क्रेगमिलर किल्ला, जो मालिकेत आर्ड्‌स्मुइरचा तुरुंग झाला आहे, शहराच्या कडेला आहे आणि बसने जाऊन थोडे चालले की येतो. लिनलिथगोला एडिंबराहून रेल्वेने वीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि राजवाडा स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर आहे. शक्य असल्यास तिथे सहलीबाहेर स्वतंत्र अर्धा दिवस द्यावा.

मिडहोप, ब्लॅकनेस, डून, कूरॉस आणि फॉकलंड या जागा मात्र फोर्थच्या खाडीच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या आहेत. सार्वजनिक वाहनांनी त्या करायच्या म्हटल्या तर दोन-तीन दिवस बस बदलण्यातच जातात. एडिंबरा आणि ग्लासगोहून निघणाऱ्या एक दिवसाच्या सहलींत यांपैकी चार-पाच जागा एकत्र होतात, आणि खाडीवरचा पूल ओलांडताना शेजारचा १८९० सालचा लाल रेल्वेपूलही पाहायला मिळतो.

सहलीच्या माहितीपत्रातील बारीक अक्षरे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आम्ही इथेच फसलो. पहिल्या दिवसाच्या सहलीच्या पत्रकात मिडहोपचे नाव ठळक होते. ती जागा म्हणजे लॅलीब्रॉक, जेमीचे घर, सौ.ला आणि विहीणबाईंना मुख्यतः तेच पाहायचे होते. प्रत्यक्षात त्या दिवशी मिडहोप पर्यटकांसाठी बंद होते, हे आयोजकांना ठाऊक असूनही बसमध्ये बसेपर्यंत आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि त्याऐवजी दुसऱ्याच एका ठिकाणी अर्धा तास थांबवण्यात आले. पत्रकाच्या तळाशी ‘उपलब्धतेनुसार’ असा एक शब्द होता, त्यामुळे तक्रार करूनही उपयोग झाला नाही. मिडहोप ही होपटन इस्टेटची खाजगी मालमत्ता आहे, भोवती चालती शेती आहे, आणि इस्टेटच्या कामासाठी ती अधूनमधून बंद ठेवतात. म्हणून सहल नोंदवण्यापूर्वी तारीख सांगून लेखी विचारून घ्यावे की त्या दिवशी मिडहोप उघडे आहे का आणि नसल्यास पैसे परत मिळतील का.

पत्रक वाचताना क्रियापदांवर नजर ठेवावी. ‘भेट’, ‘फोटोसाठी थांबा’ आणि ‘जाताना दर्शन’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तास-दीड तास मिळतो, दुसरीत दहा-पंधरा मिनिटे, आणि तिसरीत बसच्या काचेतून जे दिसेल ते. पाच जागांची नावे असूनही खरी भेट दोनच ठिकाणी असेल, तर ती सहल स्वस्त दिसली तरी स्वस्त नाही.

प्रवेशशुल्क भाड्यात धरले आहे का हेही पाहावे. बहुधा धरलेले नसते. इथे दोन संस्थांचा फरक ध्यानात ठेवला तर पैसे वाचतात. डून, लिनलिथगो, ब्लॅकनेस आणि क्रेगमिलर ही ठिकाणे ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड’ या सरकारी संस्थेकडे आहेत आणि त्यांचा एक्सप्लोरर पास काढला की पासाच्या मुदतीत या सर्व ठिकाणी प्रवेश मिळतो. कूरॉसचा राजवाडा, फॉकलंडचा राजवाडा आणि कलोडनचे माहिती केंद्र ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’कडे आहे, तिथे तो पास चालत नाही. मिडहोपचे शुल्क या दोहोंपेक्षा वेगळे, इस्टेटला द्यायचे असते. ज्येष्ठांसाठी सवलतीचा दर असतो, पण तो आपण विचारल्याशिवाय कोणी सांगेल असे समजू नये. जुन्या किल्ल्यांत दगडांची तपासणी चालू असली की काही भाग बंद ठेवतात, त्यामुळे आदल्या रात्री त्या-त्या ठिकाणाची सूचना पाहून घ्यावी.

बस किती आसनी आहे हे विचारावे. सोळा-सतरा जणांची लहान बस अरुंद रस्त्यांनी थेट दारापर्यंत जाते आणि गाइडशी बोलता येते. पन्नास जणांच्या बसमध्ये उतरण्या-चढण्यातच थांब्याचा तिसरा हिस्सा जातो. बहुतेक लहान बसमध्ये चालक आणि गाइड एकच व्यक्ती असते. तो गाडी चालवताना बोलतो आणि स्कॉटिश ढंगाने भरभर बोलतो. आम्ही पुढच्या आसनांसाठी पंधरा मिनिटे आधी पोहोचत होतो, आणि पहिल्याच थांब्यावर नम्रपणे सांगत होतो की आमचे इंग्रजी पुस्तकी आहे, थोडे सावकाश बोलावे. कोणी कधी वाईट मानले नाही. सोबत नातवंडे असतील तर वयाची अट पाहावी. कित्येक सहलींत अगदी लहान मुलांना घेत नाहीत.

सहलीच्या दिवशी

जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो; म्हणून मे ते सप्टेंबर हाच काळ धरावा. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांतून गेलेल्या माणसाला तिथला पंधरा अंशांचा ‘उन्हाळा’ डिसेंबरातल्या पहाटेसारखा वाटतो. एकच जाड स्वेटर नेण्यापेक्षा दोन पातळ गरम कपडे आणि वरून पाणी न झिरपणारे टोपीचे जाकीट न्यावे. छत्री वाऱ्यात उलटते. आमची ब्लॅकनेसच्या तटावर पहिल्याच दिवशी गेली. किल्ल्यांतले जिने गोल, अरुंद आणि झिजून गुळगुळीत झालेले असतात, त्यामुळे बुटांचा तळवा घसरणारा नसावा आणि गुडघे दुखणाऱ्यांनी वर जायचे की चौकातच थांबायचे हे आधीच ठरवावे. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो.

जेवणाची सोय सहलीत नसते. एखाद्या गावात तासभर सोडतात आणि आपापले खायचे असते. शाकाहारी माणसाला सूप, पाव, भाजलेला बटाटा आणि ओटच्या कडक चकत्या सहज मिळतात, आणि ‘हॅगिस’ या तिथल्या प्रसिद्ध मांसाच्या पदार्थाचा शाकाहारी प्रकारही अनेक ठिकाणी असतो. मात्र ‘व्हेजिटेबल सूप’मध्ये मांसाचा अर्क आहे का हे विचारावे लागते. घरून शेव, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा न्यायला हरकत नाही. दूध-दुभत्याचे पदार्थ सामानातून नेण्यास बंदी आहे, म्हणून खव्याची मिठाई आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी.

प्रत्येक थांब्यावर किती वाजता परत यायचे ते गाइड सांगतो, आणि ती वेळ तो पाळतो.

डून, कूरॉस आणि बाकीचे

डूनचा किल्ला मालिकेत लिओकचा किल्ला, मॅकेन्झी घराण्याचे ठाणे म्हणून येतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट स्टुअर्ट, ड्यूक ऑफ ऑल्बनी, याच्यासाठी तो आजच्या रूपात उभा राहिला. इथे बसमधल्या गाइडपेक्षा किल्ल्यावर मिळणारे श्राव्य मार्गदर्शन घ्यावे, कारण त्यातील मालिकेविषयीचा भाग जेमीची भूमिका करणाऱ्या सॅम ह्यूअन यांच्या आवाजात आहे. मालिकेतील आतल्या खोल्या बऱ्याच अंशी स्टुडिओत उभारलेल्या होत्या, त्यामुळे आत गेल्यावर ‘हे तर तसे नाही’ असे वाटून हिरमुसू नये. स्वयंपाकघरात अवश्य उभे राहावे. एका बाजूची पूर्ण भिंत व्यापणारी चुलीची कमान आहे आणि तिच्यात आम्ही चौघेही हात पसरून मावलो. व्याह्यांनी ताबडतोब हिशोब केला की इथे पऱ्हाट्या पेटवल्या तर शंभर माणसांच्या भरताची वांगी एका दमात भाजून निघतील. याच किल्ल्यात १७४६ साली जॅकोबाइटांनी फॉलकर्कच्या लढाईत पकडलेले कैदी ठेवले होते, आणि त्यांतले काही चादरींना गाठी मारून दोर करून खिडकीतून पळाले. ही घटना गाइड सांगतो का ते पाहावे. न सांगितल्यास विचारावे.

ब्लॅकनेसचा आकार खाडीत शिरलेल्या जहाजासारखा आहे. मालिकेत त्याला फोर्ट विल्यम म्हटले आहे; खरा फोर्ट विल्यम पश्चिमेच्या डोंगराळ भागात होता आणि रेल्वेसाठी त्याचा बहुतेक भाग पाडला गेला, म्हणून चित्रीकरणाला बदली किल्ला लागला.

कूरॉस हे खाडीकाठचे गाव मालिकेत क्रेन्समुइर झाले आहे. पिवळ्या रंगाचा राजवाडा कोळशाच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या सर जॉर्ज ब्रूस यांनी १५९७ ते १६११ या काळात बांधला, आणि त्याच्यामागची चढावरची बाग म्हणजे क्लेअरची औषधी वनस्पतींची बाग. गावच्या चौकातील दगडी स्तंभापाशी फोटोसाठी रांग लागते. लक्षात ठेवावे की भोवतीच्या घरांत लोक राहतात. आमच्या बसमधील एक बाई खिडकीला नाक लावून आत डोकावत होत्या आणि आत एक आजोबा चहा पीत बसले होते. फॉकलंडच्या चौकातील कारंजाजवळ मालिकेच्या पहिल्या भागात क्लेअरच्या खिडकीकडे पाहणारी ती पाठमोरी आकृती उभी असते. ते दृश्य आठवत असेल तर जागा लगेच ओळखू येते, नसेल तर ते एक सुबक जुने गाव आहे.

मिडहोपला आम्ही तीन दिवसांनी पुन्हा, दुसऱ्या सहलीने गेलो. घर बाहेरूनच पाहायचे असते. आत मजले पडके आहेत, म्हणून दार बंद असते. कमानीतून आत शिरले की दगडी पायऱ्या आणि मालिकेत पाहिलेले ते दार समोर येते, सौ. त्या पायरीवर दोन मिनिटे काही न बोलता बसून राहिली, आणि मागे रांगेत असलेल्या लोकांनीही तिला उठवले नाही.

उत्तरेकडे दोन दिवस

कलोडनची रणभूमी पाहायची असेल तर एका दिवसाच्या सहलीच्या मोहात पडू नये. एडिंबराहून इन्व्हर्नेस अडीचशे किलोमीटर आहे आणि जाऊन-येऊन सात-आठ तास बसमध्येच जातात. रेल्वेने इन्व्हर्नेसला जाऊन तिथे मुक्काम करावा आणि तिथून अर्ध्या दिवसाची सहल घ्यावी, किंवा एडिंबराहून दोन-तीन दिवसांची मुक्कामी सहल निवडावी.

१६ एप्रिल १७४६ रोजी या माळावर झालेली लढाई तासाभराच्या आतच संपली. जॅकोबाइटांचे सुमारे १,५०० लोक पडले, सरकारी सैन्याचे पन्नासच्या आसपास. मालिकेतील लढाईची दृश्ये इथे चित्रित झालेली नाहीत, कारण हे दफनस्थान आहे. घराण्यांची नावे कोरलेले दगड १८८१ साली बसवले गेले. जेमीच्या, म्हणजे फ्रेझर घराण्याच्या दगडाभोवती मालिकेच्या चाहत्यांच्या पायांनी गवत उरले नव्हते, म्हणून तिथे अडथळा घालावा लागला. चांगला गाइड इथे आवाज खाली आणतो, जेमी काल्पनिक आहे हे स्पष्ट सांगतो आणि मग खऱ्या फ्रेझरांविषयी बोलतो. इथे हसत-खिदळत सेल्फी काढणे बरे दिसत नाही. जवळच क्लाव्हा केर्न्स ही सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची दगडी वर्तुळे आहेत. सहलीत असतील तर ती सोडू नयेत.

मालिकेतील शिळावर्तुळ मात्र तिथे नाही. ते किनलॉक रॅनॉकजवळच्या एका टेकाडावर चित्रित झाले आणि त्यातील शिळा चित्रीकरणापुरत्या तयार केलेल्या, कृत्रिम होत्या. परतीच्या मुक्कामी सहलीत आम्ही तिथे थांबलो, तेव्हा समोर ओले गवत, चार झाडे आणि मेंढ्या होत्या. ‘इतला दूर उनूत अन् दगडबी नही!’ (एवढ्या लांब आलो आणि दगडही नाही!) असे व्याही स्वतःशीच म्हणाले, आणि गाइडने त्याचा अर्थ विचारून घेऊन बसमधल्या सगळ्यांना सांगितला. इथे जायचेच असेल तर तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात ‘काही नाही’ असे आधीच लिहून ठेवावे. जमीन चराईची आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने अशा जमिनीवरून जबाबदारीने चालत जाण्याचा हक्क सर्वांना आहे, पण वाटेतले फाटक उघडे दिसले तर उघडे ठेवावे आणि लावलेले असेल तर आपल्यामागे पुन्हा लावून, कडी नीट बसली का ते हलवून पाहावे.